गणपतीपर्यंत येईल

आईला वास येईनासा झाला तेव्हा मी आठवीत होते, आणि घरात ही गोष्ट मला एकटीलाच माहीत होती. घर म्हणजे जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आणि त्यात आम्ही तिघं. बाबा तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात सॉफ्टवेअरचं काम करायचे. आठवड्यातले दोन दिवस ते घरूनच काम करत, आणि बेडरूमच्या बंद दारातून त्यांचं "जा, जा, गेनाऊ", म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, दिवसभर ऐकू येई. मराठीत अजिबात घाई नसलेला तो माणूस जर्मनमध्ये मात्र सतत कुणालातरी दुजोरा देत असायचा. बाकी आवाज सगळे स्वयंपाकघरातले. कुकरच्या शिट्ट्या, खलबत्ता, आणि आई फोडणी करायला लागली की घरघरणारा तो जुना पंखा, जो वास बाहेर टाकण्याऐवजी घरभर फिरवायचा. मला त्या वासाची लाज वाटायची. शाळेत माझ्या जॅकेटला हिंगाचा वास येतो असं एका मुलीने म्हटल्यावर मी ते जॅकेट बाल्कनीत वाळत घालायला लागले होते, बाहेर बर्फ पडत असला तरी.

आई स्वयंपाक करताना काहीही चाखत नसे. सणावारीच नव्हे, रोज. तिच्या माहेरी आधी देवाला दाखवायचं आणि मग माणसांनी खायचं अशी पद्धत होती, आणि ती पद्धत तिने पुण्याहून जशीच्या तशी उचलून आणली होती. पुस्तकांच्या कपाटाच्या वरच्या खणात आमचे देव होते. त्यांच्यापुढे रोज एक छोटी वाटी जाई, आणि तोवर पळी तोंडाला लावणं म्हणजे सगळं उष्टं करणं. मग मीठ कसं कळायचं? वासावरून. आमटीला उकळी आली की ती पातेल्यावर जरा वाकायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "अजून कच्ची आहे, चिमूटभर हवं." मुद्दाम हुंगायचं नाही, पण वाफ आपणहून नाकात शिरली तर देव काही बोलत नाही, असा तिने देवाशी परस्पर करार करून टाकला होता. मिठाला वास नसतो हे मी पुढे शाळेत शिकले आणि तिला ऐकवलंही. "तुमच्या शाळेतल्या मिठाला नसेल," ती म्हणाली. बावीस वर्षांत तिचं मीठ चुकल्याचं बाबांना आठवत नव्हतं. आमच्या भागातल्या मराठी मंडळात गणपतीच्या नैवेद्याचा सगळा स्वयंपाक दर वर्षी तिच्याकडे असे तो यामुळेच. तिथे सगळ्यांकडे डिग्र्या होत्या. आईकडे बी.एस्सी. होती, पण ती जर्मनीत कुणाच्या उपयोगाची नव्हती. वर्षातला तो एक दिवस मात्र दीडशे माणसं तिच्या हाताची वाट बघत बसायची.

माझ्याकडे घरातलं एक वेगळंच खातं होतं. आईचं जर्मन कोर्सच्या दुसऱ्या पायरीवर अडकलेलं. बाबा दिवसभर कामात. त्यामुळे दारावरचा माणूस, औषधाचं दुकान, घरमालकाचं पत्र, शाळेतली पालकसभा, सगळीकडे मी दुभाषी. मी सात वर्षांची असल्यापासून हे काम करत होते आणि त्यात चांगलीच तयार झाले होते. तयार म्हणजे काय, तर टोचणारं काढून ठेवायला शिकले होते. एकदा खालच्या मजल्यावरच्या फ्राउ बाउअर वर आल्या आणि म्हणाल्या, तुमच्या तळणाच्या वासाने माझे पडदे खराब होतात, निदान रविवारी तरी दया करा. आईने मला विचारलं, काय म्हणतात गं? मी म्हटलं, "विचारतायत, काय छान बनवताय." आईला इतका आनंद झाला की तिने लगेच वाटीभर बटाट्याची भाजी आणि दोन पुऱ्या त्यांच्या हातात ठेवल्या. फ्राउ बाउअर वाटीकडे बघत उभ्याच राहिल्या. दुसऱ्या दिवशी वाटी घासूनपुसून दाराशी आली, आणि त्यानंतर दर सणाला आई खाली वाटी पाठवत राहिली. मला तेव्हा वाटायचं, मी किती शहाणी आहे.

मे महिन्यात आई तापाने आठ-दहा दिवस झोपून होती. उठली, चारपाच दिवसांत कामालाही लागली. एका दुपारी मी शाळेतून आले तर जिन्यापासूनच करपल्याचा वास येत होता. आई ओट्याशी उभी राहून फोनवर मावशीशी बोलत होती आणि तिच्या कोपराजवळ दुधाचं पातेलं काळं होऊन धुमसत होतं. मी ओरडले, गॅ… म्हणजे ती विजेची शेगडी बंद केली. आईने पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फोन ठेवून तिने हिंगाची डबी उघडली आणि नाकाशी धरली. मग धण्याची. मग कॉफीची. मग सिंकखालची फिनेलची बाटली. प्रत्येक झाकण लावताना तिचे हात अधिकाधिक हळू होत गेले. शेवटी ती खाली फरशीवरच बसली आणि म्हणाली, "बाबांना सांगू नकोस." का, ते मी विचारलं नाही. मला वाटतं, सांगितलं की ते खरं होईल असं तिला वाटत असावं. दुसरं कारण साधं होतं. बाबांना कळलं असतं तर मंडळाला कळलं असतं, आणि मंडळाने काळजीपोटीच नैवेद्य दुसऱ्या कुणाकडे दिला असता.

नाकाच्या डॉक्टरांची वेळ मिळायला जून उजाडला. अर्थातच मी बरोबर होते. डॉक्टर सज्जन होते, हळू बोलत होते. त्यांनी नळी घालून पाहिलं, मग खुर्ची मागे सरकवून माझ्याकडे बघत सांगितलं, "तापानंतर असं होतं. परत येऊ शकतं, पण येईलच असं नाही. काहींना वर्ष लागतं, काहींना कधीच येत नाही. रोज सराव करायचा आणि वाट बघायची." त्यांनी चार छोट्या बाटल्या लिहून दिल्या. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. ती ज्या नजरेने बघत होती ती नजर मी आजही विसरू शकत नाही; मोठ्या माणसाने लहान मुलाकडे असं बघायचं नसतं. मी म्हटलं, "येईल म्हणतात. रोज वास घ्यायचा सराव करायचा."

"गणपतीपर्यंत येईल का, विचार त्यांना."

मी विचारलं नाही. मी मान हलवली आणि म्हटलं, "हो. गणपतीपर्यंत येईल."

"तुझी आई काय म्हणाली?" डॉक्टरांनी विचारलं.

"थँक्यू म्हणतेय," मी म्हणाले.

त्या क्षणी मला अपराधी वगैरे काही वाटलं नाही. घरी जाताना आईने मला दोन स्कूप आईस्क्रीम घेऊन दिलं आणि मी ते मजेत खाल्लं. भीती नंतर वाटायला लागली. आई रोज सकाळी देवपूजा झाली की आणि रात्री झोपायच्या आधी त्या चार बाटल्या ओळीत मांडून बसायची, प्रत्येकीला पंधरा सेकंद, डोळे मिटून, जपाला बसावं तशी. आणि कॅलेंडरकडे बघायची. स्वयंपाक करताना मला हाक मारायची. "सई, वाफ घे जरा. मीठ बरोबर आहे?" मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी प्रत्येक वेळी म्हणायचे, बरोबर आहे. जेवताना बाबा एक घास घेत आणि हळूच मिठाची बरणी जवळ ओढत. कधी ताटात भात वाढवून घेत, खारट आमटी त्यात जिरवायला. आई ते बघायची. मग माझ्याकडे बघायची, आणि मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावायचे.

सीमेपलीकडे फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला जायची कल्पना तिचीच. त्याआधी दोन उन्हाळ्यांपूर्वी बाबांनी आम्हाला तिथे एका रविवारी नेलं होतं. तेव्हा जुन्या गावातल्या एका चीजच्या दुकानावरून जाताना आई पदर नसतानाही पदर शोधत नाकाला हात लावून पळत सुटली होती आणि पुढच्या चौकात जाऊन म्हणाली होती, "अगं बाई, माणसं हे खातात?" आता ऑगस्टमध्ये, शाळेला सुट्टी लागल्यावर, ती एका सकाळी म्हणाली, "त्या बाटल्यांत काही दम नाही. आपण त्या दुकानांत जाऊ. तो वास आला नाही तर कुठलाच यायचा नाही." बाबांना आम्ही सांगितलं की सईला फ्रेंचची प्रॅक्टिस करायची आहे. हे म्हटलं तर खरंही होतं. शाळेत माझं फ्रेंचचं दुसरं वर्ष चाललं होतं. बाबा खूश झाले. "गुट, गुट," म्हणाले आणि हेडसेट लावला.

नऊनंतर चालणारं राज्याचं स्वस्त तिकीट काढून, गाड्या बदलत, आम्ही सीमेवरच्या केल या गावी पोचलो आणि तिथून ट्रामने ऱ्हाईन नदी ओलांडली. आईने निळा ड्रेस घातला होता, केसांना तेल लावलं नव्हतं, आणि पिशवीत पोळीभाजीच्या गुंडाळ्या होत्या. ती परीक्षेला निघाल्यासारखी दिसत होती. उतरलो तर दुपार झालेली आणि अर्धी दुकानं जेवणासाठी बंद. ऑगस्ट असल्यामुळे काहींच्या दारावर तर महिनाभराच्या सुट्टीचे कागद. मी ते वाचून दाखवले, यात लपवण्यासारखं काही नव्हतं. आम्ही कॅथेड्रलच्या बाजूच्या बाकावर बसून पोळीभाजी खाल्ली. आई चावत होती, गिळत होती. "रबर खाल्ल्यासारखं वाटतं गं," असं ती एकदाच म्हणाली. समोरून माणसं मोठमोठे आईस्क्रीमचे कोन घेऊन जात होती, आणि मला त्या क्षणी तिचा भयंकर राग आला. बाकीच्यांच्या आया मुलींना समुद्रावर घेऊन जातात, मला माझी आई चीज हुंगायला घेऊन आली आहे. हे लिहायला मला आवडत नाही, पण तसं वाटलं होतं हे खरं.

पहिलं दुकान मसाल्याच्या केकचं. तिथे तो केक मोठ्या लाद्यांसारखा रचलेला असतो आणि सुरीने तुकडे पाडून देतात. दार उघडलं आणि मला एकदम आमच्या दिवाळीतल्या स्वयंपाकघरात आल्यासारखं झालं. दालचिनी, लवंग, बडीशेप, मध, सगळं गरम. मी आईकडे वळले. ती दुकानाच्या मध्यभागी उभी होती, हात जोडायचे बाकी होते. काउंटरवरच्या मुलीने चिमट्यात एक तुकडा धरून पुढे केला. आईने तो घेतला, बराच वेळ नाकाखाली धरला, मग तोंडात टाकला. "गोड आहे," ती म्हणाली. बस्स. तिथून बाहेर पडताना तिने त्या मुलीला तीनदा "मेर्सी" म्हटलं, जणू तिच्याच हातून काही सांडलं होतं.

पुढचं दुकान दिसायला दागिन्यांच्या दुकानासारखं. मखमलीवर छोटे डबे, सोनेरी अक्षरं, आणि प्रत्येक डब्यावर गुबगुबीत बदकासारख्या पक्ष्याचं चित्र. आई आत शिरून वाकून बघायला लागली. टाय लावलेल्या माणसाने पावाच्या चकतीवर काहीतरी लावून अदबीने तिच्यापुढे धरलं. आईने विचारलं, काय आहे हे? इथे मात्र मी काही गाळलं नाही. "हंसाचं काळीज… म्हणजे लिव्हर. त्याला जबरदस्तीने खायला घालून मोठं करतात." आईचा पुढे गेलेला हात तसाच मागे आला. ती त्या माणसाला म्हणाली, "नो, नो, सॉरी, टुडे संकष्टी," आणि आम्ही जवळजवळ धावतच बाहेर आलो. संकष्टी नव्हतीच. रस्त्यावर आल्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की तिला भिंतीला टेकावं लागलं. त्या दिवसातलं ते शेवटचं हसू.

तिसरं दुकान मोहरीचं. कोपऱ्यावरचं, अरुंद. भिंतभर चिनी मातीच्या बरण्या, खाली व्हिनेगरची पिंपं, आणि चाखायला बारक्या लाकडी काड्या. आईने पिवळ्याजर्द मोहरीची बरणी नाकाशी नेली आणि खोल श्वास घेतला. तिचं डोकं झटक्यात मागे गेलं, डोळ्यांतून घळाघळा पाणी. "आला!" ती ओरडली. "सई, आला गं! झोंबला! थेट वरपर्यंत!" मग तिने व्हिनेगर हुंगलं, तेही झोंबलं. तिने मला मिठी मारली, दुकानदाराशी हात मिळवला, मोहरीच्या दोन बरण्या घेतल्या. गणपतीला अजून तीन आठवडे होते आणि ती मला भर दुकानात सांगत होती की या वर्षी फदफदं करू या, अळू मिळालं नाही तर पालक घालू. मी तिच्या पिशवीत बरण्या ठेवत होते. मोहरी आणि व्हिनेगर झोंबेल, पण ती नुसती आग असते, तो वास नव्हे, त्यावरून फसू नका, हेही डॉक्टरांनी त्या दिवशी सांगितलं होतं. मी ते तिला सांगितलंच नव्हतं. आता सांगायला हवं होतं. माझं तोंड उघडलंसुद्धा. पण ती तीन महिन्यांत पहिल्यांदा नीट हसत होती, आणि मी म्हटलं, "वॉव, आई!"

"आता चीज," आई म्हणाली. "आता काही बाकी राहणार नाही."

दुकान तेच निघालं, दोन वर्षांपूर्वीचं. मी दाराबाहेरच श्वास कोंडून घेतला. संगमरवरी काउंटरमागे साठीच्या पुढची एक बाई होती, हात लालसर, केस घट्ट बांधलेले, आणि चेहऱ्यावर रांगेतल्या पाचसहा गिऱ्हाइकांची घाई. काउंटरवर उघड्या ताटलीत तिकडचं ते केशरी सालीचं मुन्स्टर चीज मांडलं होतं, ज्याचा वास मोज्यांनाही लाजवेल. आई आत्मविश्वासाने पुढे गेली आणि वाकली. नाक चीजपासून बोटभर अंतरावर. ती थांबली. परत खोल श्वास घेतला. तिच्या पाठीवरूनच मला कळलं.

बाईने मला फ्रेंचमध्ये तोडून सांगितलं की मुली, तुझ्या आईला सांग, खाण्याच्या वस्तूला नाक लावू नये, इथे लोक विकत घ्यायला येतात. आईने नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाहिलं. आणि मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "म्हणतायत, हे त्यांचं सगळ्यात चांगलं चीज आहे. नीट बघा."

आईने बाईकडे बघून गोड स्मित केलं आणि पुन्हा वाकली.

बाईने ताटली मागे ओढली. मग ती माझ्याकडे न बघता आईशी जर्मनमध्ये बोलली. तिकडच्या जुन्या लोकांना जर्मन येतं, हे माझ्या लक्षातच नव्हतं. ती एकेक शब्द सुटा करून, बहिऱ्याशी बोलावं तशी बोलली, आणि म्हणूनच आईला सगळं कळलं. "मी तुमच्या मुलीला सांगितलं, कृपा करून नाक लावू नका. तिने तुम्हाला काय सांगितलं?"

आईचा चेहरा लाल झाला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. आपल्या मोडक्या जर्मनमध्ये, क्रियापदं जागेवर नसलेली वाक्यं जुळवत, ती स्वतःच बोलायला लागली. माफ करा. मला वास नाही. ताप होता. तीन महिने. मग थोडं सावरून म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, परत येतो. सप्टेंबरमध्ये."

बाईने हातातला चाकू पुसला. "फिलाइष्ट," ती म्हणाली. कदाचित. तो शब्द आई कोर्सच्या पहिल्याच आठवड्यात शिकली होती. "माझ्या नवऱ्याचा असाच गेला. नाही आला. सप्टेंबर कुठला डॉक्टर सांगेल? ते कुणालाच सांगता येत नाही." त्यात कठोरपणा नव्हता आणि दयाही नव्हती. मग तिने पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, आपल्याला काय हवं?

ट्राममध्ये आई खिडकीशी बसली आणि मी समोर. नदी येईपर्यंत ती बाहेर बघत होती. मग म्हणाली, "डॉक्टर काय म्हणाले होते, पूर्ण सांग. एकही शब्द गाळू नकोस." मी सांगितलं. येईलच असं नाही, हे सांगितलं. काहींना कधीच नाही, हे सांगितलं. मोहरीचं सांगितलं तेव्हा तिने मांडीवरची पिशवी उचलून शेजारी ठेवली. "आणि मी गणपतीचं विचारलं तेव्हा?" मी म्हटलं, मी विचारलंच नव्हतं. मी रडत होते, समोरची माणसं बघत होती. आईने मला जवळ घेतलं नाही. "मी काय मोडून पडले असते का गं?" तिने विचारलं. मला खरंच तसं वाटलं होतं.

मग तिची उलटतपासणी सुरू झाली. घरी पोचेपर्यंत, प्रत्येक गाडीत एकेक प्रश्न. फ्राउ बाउअर काय म्हणाल्या होत्या? पालकसभेत तुझ्या बाई माझ्याशी पाच मिनिटं बोलल्या आणि तू एका वाक्यात सांगितलंस, ते काय होतं? घरमालकाच्या त्या पत्रात नक्की काय होतं? मी सगळं ओकले. पडद्यांचं सांगितलं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. सात वर्षं ती त्या बाईला आपली मैत्रीण समजत होती. स्टुटगार्टला गाडी बदलताना ती फलाटावर मध्येच थांबली आणि स्वतःशीच म्हणाली, "म्हणजे मी इथे राहिले कुठे?" मी आता स्वतः आई आहे. माझा मुलगा माझ्या मराठीला जर्मनमध्ये उत्तर देतो आणि ते मला चालतं, पण एखादं पत्र तो वाचून परस्पर फाडून टाकतो तेव्हा मला तो फलाट आठवतो. आपल्या माणसाला वाचवता वाचवता आपण त्याला घराबाहेर उभं करतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

त्या संध्याकाळी बाबा जेवायला बसल्यावर आई म्हणाली, "अहो, मला मे महिन्यापासून वास येत नाही. येईल का माहीत नाही." बाबांचा घास हातातच राहिला. मग ते म्हणाले, "आणि मला वाटलं, तू माझ्या बीपीसाठी मीठ बदलून बघतेयस." आई हसली नाही. बाबा उठून तिच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले आणि मी माझं ताट घेऊन सिंककडे गेले. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची पुन्हा वेळ होती. मी बूट घालून दारात तयार होते. आईने प्रश्नांचा कागद पर्समध्ये ठेवला, तिने स्वतः डिक्शनरी घेऊन लिहिलेला. "तू नको येऊस," ती म्हणाली. रागावून नव्हे, पाऊस नाहीये तर छत्री कशाला असं म्हणावं तशी. दार लोटलं गेलं आणि जिन्यात तिच्या चपलांचा आवाज खाली खाली जात राहिला.

गणपतीत नैवेद्य मंडळाने तिच्याकडेच ठेवला. म्हणजे तिने कुणाला काही सांगितलंच नव्हतं, आणि बाबांनाही सांगू दिलं नव्हतं. एका क्रीडामंडळाचा हॉल भाड्याने घेतला होता आणि मागच्या स्वयंपाकघरात दहाबारा बायका मोदक वळत होत्या. आई शेगडीशी. पालकाच्या फदफद्याला उकळी आली, नारळ पडला, गूळ पडला, आणि मिठाची वेळ आली तेव्हा मी दारात नॅपकिन मोजत होते. आईने पळीभर फदफदं एका वाटीत काढलं. फुंकर मारली.

"अहो मीनलवहिनी!" मंडळातल्या शिल्पाकाकू ओरडल्या. मोदकाचे पिठाळ हात तसेच हवेत. "नैवेद्य व्हायचाय अजून!"

"माहीत आहे," आई म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "मला वास येत नाही. साडेतीन महिने झाले, आणि कदाचित कधीच यायचा नाही. जिभेला मीठ अजून कळतं, पण आता चाखूनच करावं लागेल. चालणार नसेल तर आत्ताच सांगा, मी पळी खाली ठेवते. पण न चाखता देवाच्या पुढे खारट ठेवायला मी तयार नाही."

मोदक वळणारे बाकीचे हातही थांबले. पंखा तेवढा फिरत होता. आईचे कान लाल झाले होते, पण पळी हातात घट्ट होती. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी नॅपकिन तिथेच टाकून तिच्याजवळ गेले. शिल्पाकाकूंनाही वाईट वाटलं असावं. त्यांना काहीतरी मार्ग काढायचा होता. त्या मवाळ आवाजात म्हणाल्या, "अहो, मग सईला चाखायला द्या ना. पोरांचं उष्टं कुणी धरत नाही. ती सांगेल तुम्हाला मीठ कसं आहे ते."

मी हात पुढे केला होता. वाटी माझ्यापासून वीतभर अंतरावर होती.

"नको," आई म्हणाली. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तो हात प्रेमाचाच होता. "मला बरं वाटेल तेच सांगेल ती."

आणि तिने चमचा स्वतःच्या तोंडात घातला.